उखळात डोकं

आई पडली त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं, पण ‘पडली’ म्हटलं की ती अजून चिडते. "पडलो नाही गं मी, बसलो." कोल्हापूरकडच्या बायका अशाच बोलतात, मी आलो, मी गेलो, मी जेवलो, आणि पुण्यात होस्टेलवर माझ्या रूममेट हसायला लागल्या तेव्हा मला कळलं की बाकी महाराष्ट्रात बायका असं बोलत नाहीत. तर ती बसली. श्रावणातली सकाळ, पावसाची झड, परड्यात धुण्याच्या दगडाजवळ फरशीला शेवाळ धरलेलं, आणि पूजेला जास्वंदीची फुलं काढायला गेलेली आई उजव्या कुशीवर गेली. उजवा म्हणजे तोच खुबा, २००९ साली बदललेला.

जवळच्या एका दवाखान्यात नेलं, एक्स-रे काढला, तिथल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरून सांगितलं की बॉल जागेवर आहे, मांडीतला दांडा जागेवर आहे, मुका मार आहे, आठ-दहा दिवस आराम करा. मी पुण्याहून फोनवर होते, मला इतकं हायसं वाटलं की मी त्याच संध्याकाळी ऑफिसच्या पार्टीला गेले. हे मुद्दाम लिहितेय, कारण नंतर कितीतरी दिवस मला तेच खात होतं.

आठ-दहा दिवसांचे वीस झाले. आई वॉकर धरून संडासापर्यंत जायची, परत यायची, आणि विचारलं की म्हणायची बरं आहे. तिचं ‘बरं आहे’ म्हणजे काय हे आम्हाला चाळीस वर्षांत कळलेलं नाही. जांघेत दुखतंय एवढं एकदा बोलली, तेही मोलकरणीपाशी. खुबा दुखतो म्हणजे कमरेच्या बाजूला दुखतो असं आपल्याला वाटतं ना, तसं नसतं, खरा सांधा दुखायला लागला की कळ जांघेत येते, हे मला फार उशिरा समजलं.

ओळखलं आण्णांनी. आण्णा म्हणजे माझे वडील, कोल्हापुरात उद्यमनगरात आयुष्यभर लेथवर काम केलेले टर्नर. एका संध्याकाळी आई वॉकरवर उभी असताना ते तिच्या मागे खाली बसले, तिच्या दोन्ही टाचांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हिचा उजवा पाय आखूड पडतोय. सात-आठ एमएम." मी सुट्टी काढून घरी आले होते, मी म्हटलं आण्णा काहीही काय, तिला दुखतंय म्हणून ती वाकडी उभी आहे. ते म्हणाले, "वाकडं येगळं आणि आखूड येगळं." पुढे पुण्यात मोजलं तेव्हा नऊ निघाले.

जरा मागचं सांगते. आईला दमा, त्यासाठी वर्षानुवर्षं घेतलेली स्टेरॉइड्स, आणि त्यातून खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून ते हाड आतल्या आत मेलं. डॉक्टर लोक त्याला एव्हीएन म्हणतात. तेव्हा ती अठ्ठावन्नची. सांधा बदलला आणि खरंच सांगते, जादू झाली होती. सहा महिन्यांत बाई जोतिबाच्या पायऱ्या चढून आली, डॉक्टरांना न सांगता. गुडघा बदलणं आपल्याकडे सगळ्यांना माहितीये, वाजपेयींचा डावा गुडघा २००० साली मुंबईत ब्रीच कँडीला बदलला तेव्हापासून तर घराघरात पोचलं, पण खुबा त्या मानाने गुपचूप बदलला जातो. लोक ‘बॉल बदलला’ एवढंच म्हणतात. बॉल ज्यात बसतो त्या वाटीचं नावच कुणी काढत नाही. आमच्याही घरात चौदा वर्षं ‘आईचा बॉल’ असाच उल्लेख व्हायचा.

शाळेत मात्र आपण बरोबर शिकलेलो असतो. बिजागरीचा सांधा आणि उखळीचा सांधा. कोपर, गुडघा बिजागरी, खांदा आणि खुबा उखळ. मांडीच्या हाडाचं गोल डोकं आणि ओटीपोटाच्या हाडात खोदलेली त्याची उखळी. उखळात डोकं घातल्यावर मुसळाची भीती कशाला अशी म्हण आहे, ती ज्याने कुणी केली त्याला शरीरशास्त्र ठाऊक नसणार, पण आपण सगळेच जन्मापासून उखळात डोकं घालून चालतोय, एक नाही दोन दोन.

पुण्यात ज्या सर्जननी आईला बघितलं त्यांनी पहिल्यांदा तोच जुना एक्स-रे मागितला, बघितला, आणि पहिल्या डॉक्टरांबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. फक्त म्हणाले की समोरून काढलेल्या एका फिल्मवर हे दिसणं अवघडच, धातूचा कप, म्हणजे बसवलेली वाटी, मध्ये असतो, त्याच्या मागचं सगळं झाकून टाकतो. मग तिला एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे पंचेचाळीस अंशात कलती करून दोन फिल्म काढल्या, आणि सीटी केला. धातूमुळे सीटीतही चहूकडे किरणं फुटल्यासारखे पांढरे पट्टे येतात, ते कमी करायचं सेटिंग असतं म्हणे. त्या पट्ट्यांच्या मधून एक काळी बारीक रेघ दिसत होती, कपाच्या मागून खाली उतरलेली.

सरांनी प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे चित्र काढलं. लहानपणी आपण गलोल करायचो ना, तिची बेचकी उलटी धरा. दोन पाय खाली, दांडी वर. पुढचा पाय म्हणजे पुढचा खांब, मागचा म्हणजे मागचा खांब, आणि या दोघांच्या खोबणीत उखळी बसलेली. एमिल लेतूर्नेल आणि रोबेर जुदे या दोन फ्रेंच सर्जननी ही दोन खांबांची कल्पना १९६४ साली मांडली आणि तोपर्यंत नुसता हाडांचा चुरा वाटणाऱ्या या फ्रॅक्चरना नावं मिळाली, कुठलं फ्रॅक्चर कुठून उघडायचं ते ठरवता यायला लागलं. आईचा मागचा खांब मोडला होता. वर आत बसलेला कप हललेला, थोडा वर सरकलेला. ते आण्णांचे नऊ एमएम.

"म्हणजे तुमचा कप मोडला नाही मावशी, कप बसवला ती भिंत मोडली," सर आईला म्हणाले. आई म्हणाली, "मग भिंत लिंपा." सर हसले, आण्णा नाही हसले.

मला त्या दिवशी कळलेली गोष्ट, आणि खरं तर याच्यासाठीच हा सगळा लेख लिहायला घेतला, ती ही की या सगळ्या प्रकारात एकच प्रश्न असतो. फ्रॅक्चर केवढं आहे, वय किती, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न: कप हलतोय का? हाड तडकलंय पण कप पक्का बसलेला आहे, तर बहुतेक वेळा चाकू लावतच नाहीत, सहा-आठ आठवडे त्या पायावर वजन द्यायचं नाही, मधूनमधून एक्स-रे काढायचे, हाड आपलं आपण जुळतं. कप हलत असेल तर मात्र बसून काही होत नाही. या भानगडीची वर्गवारी पीटरसन आणि लुअलन यांनी १९९६ मध्ये केली, ती अक्षरशः एवढीच आहे, टाइप वन कप पक्का, टाइप टू कप ढिला. पुढे लोकांनी जास्त बारकावे घातले, ऑपरेशन करतानाच तडकलेलं, मार लागून तडकलेलं, काहीच न होता झिजून तडकलेलं वगैरे. पण मूळ प्रश्न तोच.

आणि माझ्या डोक्यात लगेच पुढचा प्रश्न. पहिल्या दिवशी तो पक्का होता का? ते वीस दिवस ती वॉकरवर चालली, त्यात हलला का? मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "ते आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि सांगता आलं तरी ऑपरेशन तेच राहणार." मला हे उत्तर तेव्हा उडवून लावल्यासारखं वाटलं. आज वाटत नाही.

आण्णांचं आणि सरांचं जे जमलं ते बघण्यासारखं होतं. आण्णा शर्टाच्या खिशात छोटी वही ठेवतात, त्यात ते चित्र उतरवून घेत होते. मग म्हणाले, "डॉक्टर, ह्यो कप सिमेंटचा नव्हता ना?" नव्हता. "मग हाडात धरला कसा?" सरांनी सांगितलं की हाडातली वाटी रीमरने गोल घासतात, कपाच्या मापापेक्षा एक-दोन एमएम लहान ठेवतात, आणि कप ठोकून बसवतात, तो घट्ट अडकतो आणि मग महिन्या दोन महिन्यांत त्याच्या खरखरीत पाठीत हाड वाढून धरतं. आण्णांचा चेहरा असा फुलला की बस. "म्हणजे प्रेस फिट! बोअर मायनस ठेवायचा आणि बेअरिंग ठोकायचं." सर म्हणाले, "काका, आम्ही पण प्रेस फिटच म्हणतो." मग आण्णा गप्प झाले, पेन वहीवर तसंच धरून, आणि हळूच म्हणाले, "पण हाउसिंग तडकलेलं असलं तर प्रेस फिट कसा करणार? ठोकलं की अजून उघडणार."

तिथेच तर सगळी गोम आहे. साधा खुबा बदलताना ज्या घट्टपणावर सगळं चालतं तोच घट्टपणा मोडलेल्या हाडात शत्रू होतो. खरं तर पहिल्या ऑपरेशनलाही ही भीती असतेच, म्हाताऱ्या बाईचं ठिसूळ हाड आणि जरा जास्त ठोकलं तर उखळी टेबलावरच तडकते, कधी तेव्हा लक्षातही येत नाही. म्हणून मोडलेल्या केसमध्ये क्रम उलटा. आधी जुना कप काढायचा, मग मोडलेला खांब जागेवर आणून प्लेट-स्क्रूने बांधायचा, भिंत आधी उभी, आणि मग त्यात नवा, मोठा कप, हलक्या हाताने घासून, जोरापेक्षा स्क्रूंच्या भरवशावर बसवायचा. हेही सर म्हणाले की खुबा बदलल्यानंतरची फ्रॅक्चर बहुतेक मांडीच्या बाजूला, दांड्याभोवती होतात, उखळीच्या बाजूची त्या मानाने फार कमी, त्यामुळे हे रोजचं काम नाही. मला त्यांचा प्रामाणिकपणा आवडला आणि त्याच वेळी पोटात गोळा आला.

आता भिंत अशी एका बसण्यात का मोडावी? कितीतरी म्हाताऱ्या बायका परड्यात पडतात. सीटीवर कपाच्या मागे हाडात पोकळ्या दिसत होत्या, वाळवी लागलेल्या चौकटीसारख्या. त्याचं कारण सांगायला मला थोडं इंग्लंडात जावं लागेल, सहन करा.

कृत्रिम खुब्याचा आजचा साचा जॉन चार्नली या सर्जनचा, लँकशायरमधल्या रायटिंग्टन हॉस्पिटलमधला. त्याआधी पॅरिसमध्ये जुदे बंधूंनी, हो तेच वरचे रोबेर जुदे आणि त्यांचे भाऊ, अ‍ॅक्रिलिकचं डोकं बसवायला सुरुवात केली होती. तसं डोकं बसवलेला एक पेशंट चार्नलींकडे आला, त्याचा खुबा हालचाल केली की इतका करकरायचा की बायको वैतागायची. चार्नलींच्या डोक्यात घर्षण घुसलं ते तिथून. त्यांनी टेफ्लॉनची वाटी केली, घरच्या लेथवर स्वतः वाट्या कातायचे (हे मी आण्णांना सांगितलं तेव्हा ते अर्धा मिनिट काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "कुठला लेथ?"). सुमारे तीनशे पेशंटना टेफ्लॉन बसवलं आणि दोन-तीन वर्षांत ते झिजून झिजून बरबाद झालं. सगळी ऑपरेशनं परत. मग १९६२ च्या मे महिन्यात एक विक्रेता हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एका नव्या प्लास्टिकचा तुकडा घेऊन आला, ते कापडगिरण्यांतल्या मागांच्या गिअरसाठी वापरायचे. चार्नलींनी बघून नाक मुरडलं. पण त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने तो तुकडा टाकून दिला नाही, साहेब बाहेरगावी असताना मशीनवर चढवला आणि चालू ठेवला. टेफ्लॉन एका दिवसात जेवढं झिजायचं तेवढं हे कित्येक दिवसांत झिजलं नाही. ते हाय डेन्सिटी पॉलिथिन. त्याच वर्षी नोव्हेंबरात पेशंटला बसलं आणि बाकी इतिहास.

मी हे वाचत होते तेव्हा मला इचलकरंजी आठवत होती. आमच्या मामाचं घर तिथे, रात्री झोपलं तरी भिंतीतून मागांचा खटाखट आवाज, लहानपणी त्या आवाजाशिवाय मामाकडे झोप आल्यासारखं वाटायचंच नाही. त्या मागाच्या गिअरचं प्लास्टिक आईच्या खुब्यात, धातूच्या कपाच्या आतलं अस्तर म्हणून.

पण पॉलिथिनही झिजतंच. टेफ्लॉनच्या मानाने काहीच नाही, तरी वर्षाला एक दशांश एमएमच्या आसपास, साध्या प्रकारातलं. त्याची पूड इतकी बारीक की डोळ्याला दिसत नाही, आणि शरीराला वाटतं बाहेरचं काहीतरी शिरलंय. पांढऱ्या पेशी ती पूड खायला जातात, पचवता येत नाही, मग खवळतात आणि त्या भांडणात शेजारचं हाड खाल्लं जातं. धातू नाही खात, प्लास्टिक नाही खात, खातात आपलंच हाड. चौदा वर्षं हे चालू होतं आणि आईला एकदाही दुखलं नाही, हेच त्याचं वाईट. नव्वदीच्या शेवटी शेवटी क्रॉसलिंक केलेलं, फार कमी झिजणारं पॉलिथिन आलं. २००९ मध्ये आम्हाला दोन्ही पर्याय सांगितले होते. मी नुकती नोकरीला लागलेली, आण्णा रिटायर, आम्ही स्वस्तातलं घेतलं. कुणी फसवलं नाही, आम्हीच घेतलं. दरवर्षी एक्स-रे काढायला या असंही सांगितलं होतं, तीन वर्षं गेलो, मग दुखतच नाही तर कशाला म्हणून सोडलं. तुमच्या घरात कुणाचा बॉल बदललेला असेल आणि दहा वर्षं होऊन गेली असतील तर एक एक्स-रे काढून आणा हो. बाकी मी कुणाला सल्ला देत नाही.

ऑपरेशनच्या आधी आठवडाभर निव्वळ तपासण्या. सगळ्यात महत्त्वाची म्हणजे आत जंतू तर नाहीत ना, कारण कप ढिला व्हायचं तेही एक कारण असतं, आणि जंतू असले तर सगळा बेतच बदलतो. रक्ताच्या तपासण्या, सांध्यात सुई घालून पाणी काढून कल्चर. नशिबाने काही निघालं नाही. मग इम्प्लांटची यादी आली, प्लेट, स्क्रू, सच्छिद्र धातूचा कप, विशिष्ट लायनर (म्हणजे कपाच्या आतलं ते अस्तर), आणि खाली आकडा. आकडा बघून आई म्हणाली, "कुणाचं तरी उखळ पांढरं होणार, माझं उखळ फुटलं म्हणून." एफडी मोडली. त्यावर जास्त लिहायचं नाहीये.

सरांनी तयारी मात्र तीन-चार पातळ्यांवर ठेवली होती, ते मला फार आवडलं. आत गेल्यावरच नक्की कळतं म्हणाले. हाड बरं निघालं तर प्लेट आणि मोठा कप. पोकळी मोठी निघाली तर तिथे धातूचा ठोकळा, पॅकिंगसारखा. आणि जर ओटीपोटाच्या हाडाचा वरचा अर्धा आणि खालचा अर्धा पूर्ण सुटा झालेला निघाला, म्हणजे खुब्यातून आडवा दुभंगच, तर मग पिंजरा, वरच्या हाडापासून खालच्या हाडापर्यंत पोचणारी धातूची जाळी, तिच्या मुळाशी स्वित्झर्लंडच्या दोन सर्जनांचं काम आहे. आजकाल अशा केसला सीटीवरून मापाचा भाग प्रिंटही करून घेतात, पण त्याला वेळ लागतो. पिंजरा हा शब्द ऐकून आईने पहिल्यांदा घाबरल्यासारखं केलं. "पिंजरा नको," म्हणाली. जसं काही तिला निवड आहे.

ऑपरेशनला चार तास लागले. मी आणि आण्णा बाहेर, आण्णांनी वहीत वेळा लिहिल्या, आत नेलं ७.५०, चहा ९.१०, असं. बाकी त्या चार तासांबद्दल काय लिहिणार, ज्यांनी असं बसून काढलंय त्यांना माहितीये.

नंतर सरांनी आण्णांना मोबाइलवरचे फोटो दाखवत सगळं सांगितलं, बहुतेक त्यांनाही असा श्रोता रोज मिळत नसावा. डाव्या कुशीवर झोपवून मागून, जुन्याच व्रणावरून उघडलं. तिथे मांडीमागे जाणारी मोठी नस असते, जाडजूड, ती गेली तर पाऊल लुळं पडतं, म्हणून सगळा वेळ एक माणूस तिला सांभाळत गुडघा वाकवून धरतो. कप हाताने निघाला. म्हणजे काढायला हत्यारच लागलं नाही, इतका सुटा होता. मागे सगळा राखाडी लगदा, तो खरवडून काढला. खांबाचे दोन तुकडे जुळवून वर प्लेट, ती प्लेट तिथेच टेबलावर वाकवून हाडाच्या बाकाला बसवली. आण्णा म्हणाले, "फिटिंग जागेवर." हो, फिटिंग जागेवर. पुढचा खांब शाबूत होता, त्यामुळे पिंजरा लागला नाही. जुना कप ५० चा होता, नवा ६० चा बसला, टँटलम नावाच्या धातूचा, स्पंजसारखा सच्छिद्र, हाड त्यात घुसून वाढतं. पाच स्क्रू, सगळे वर आणि मागच्या बाजूला, कारण पुढच्या बाजूला स्क्रू जरा लांब गेला तर पलीकडे पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्या असतात. मांडीतला दांडा हलवून बघितला, पक्का होता, त्याला हात लावला नाही, फक्त वरचं डोकं बदललं. आणि लायनर दुहेरी फिरणारा, म्हणजे छोटा बॉल मोठ्या प्लास्टिकच्या बॉलमध्ये आणि तो कपात, सटकून निखळू नये म्हणून, ही युक्ती फ्रान्सच्या बूस्केंनी सत्तरच्या दशकात काढलेली.

आण्णांनी एकच प्रश्न विचारला. "बसला हे कसं कळतं?" सर म्हणाले, "आवाज बदलतो काका. ठोकताना आधी पोकळ येतो, बसला की भरीव." आण्णांनी मान डोलावली. चाळीस वर्षं त्यांनी तेच ऐकलंय. "पण ह्या वेळी मी आवाजाची वाट बघितली नाही," सर म्हणाले, "आधीच थांबलो. स्क्रूवर सोडलं."

पोकळ्यांमध्ये हाडाचा भुगा भरला. तो आईचा नाही. ज्या लोकांचा खुबा बदलतात त्यांच्या मांडीच्या हाडाचं कापलेलं डोकं काही ठिकाणी फेकून न देता परवानगीने साठवतात, तपासतात, निर्जंतुक करतात. मुंबईत टाटा मेमोरियलची टिश्यू बँक १९८८ पासून हे काम करते, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून. ते डोकं दळून त्याचे बारीक तुकडे पोकळीत दाबून दाबून भरतात, हॉलंडमध्ये नाइमेखनच्या स्लोफ यांनी हे तंत्र १९८४ साली मांडलं. कुणाचं तरी डोकं आता आईच्या उखळात आहे, शब्दशः. मी आईला सांगावं की नाही या विचारात होते, तिला सोवळ्याओवळ्याचं थोडं आहे. आण्णांनी सांगून टाकलं. ती जरा वेळ छताकडे बघत राहिली आणि म्हणाली, "माझं कुठं गेलं गं, त्या वेळचं?" मला माहीत नव्हतं. २००९ मध्ये कुणी विचारलं नाही, आम्हीही नाही. "कुणाला तरी लागलं असेल तर बरं," म्हणाली आणि डोळे मिटले. मेलेलं हाड कुणाला लावत नाहीत, हे मी बोलले नाही.

पुढचे तीन महिने खरे. ऑपरेशन सर्जनचं असतं, तीन महिने घराचे असतात. पहिले सहा आठवडे उजवं पाऊल नुसतं टेकवायचं, वजन द्यायचं नाही. टेकवायचं पण द्यायचं नाही म्हणजे किती, हे आईला कळेना. फिजिओची मुलगी साताऱ्याकडची होती, ती म्हणाली, "आजी, दारात रांगोळी काढलीय आणि तुमचा पाय तिच्यावर पडलाय असं समजा, फिसकटता कामा नये." ते बरोबर कळलं. आण्णांनी तरी वजनकाटा आणलाच, उजवा पाय काट्यावर, डावा शेजारी तेवढ्याच उंचीच्या पाटावर, आणि ते ओरडायचे, "बारा! बारा झाले! कमी कर!" आईने दोन दिवस ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी काटा कॉटखाली ढकलला.

मांडी घालायची नाही, खाली बसायचं नाही, कमोडवर उंच सीट, पाय एकावर एक टाकायचा नाही. हे २००९ मध्येही सांगितलेलं. आणि एका रात्री आई मला अंधारात म्हणाली, "मी बसत होतो." कुठे? "खाली. विळीवर. नारळ खवायला, उन्हाळ्यात सांडगे घालायला. तू पुण्याला गेलीस की." चौदा वर्षं. तिला वाटत होतं की तिने विळीवर बसून बसून आतली भिंत फोडली. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं, आणि ऑपरेशन थिएटरमध्ये जाताना तिच्या डोक्यात तेच होतं. म्हणजे आम्ही तिघे तीन वेगवेगळे गुन्हे मनात घेऊन एकाच खोलीत झोपत होतो, मी पार्टीला गेल्याचा आणि स्वस्त लायनरचा, ती विळीचा, आणि आण्णांचा मला नंतर कळला, शेवाळ त्यांनी आदल्या रविवारी घासायचं कबूल केलं होतं. पुढच्या तपासणीला मी सरांना विळीचं विचारलं. ते म्हणाले, खाली बसल्याने बॉल निखळायची भीती असते म्हणून नको म्हणतो, भिंत त्याने नाही फुटली. आईला सांगितलं. तिने मान हलवली, पण मला नाही वाटत तिला पटलं असेल.

सहा आठवड्यांनी एक्स-रे, कप जागेवर. बारा आठवड्यांनी परत, रेघ पुसट झालेली. मग हळूहळू वजन, मग काठी, आता घरात काठीही विसरते. थोडी लंगडते. जोतिबाला गाडीने वरपर्यंत नेलं यंदा, पायऱ्या नाही.

आण्णांनी जुना कप मागून घेतला होता. हॉस्पिटलने सही घेऊन, निर्जंतुक करून एका पिशवीत घालून दिला, आत लायनर तसाच. कोल्हापूरला घरी आल्यावर एका दुपारी त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, लाकडी पेटीतून व्हर्नियर काढला, लायनर सोडवला आणि चारी बाजूंनी जाडी मोजली. खालून एक माप, वरून एक. वहीत लिहिलं. आई समोर खुर्चीवर, उंच उशीवर बसून शेंगा निवडत होती.

"किती झिजलं ओ?"

"दोन एमएम. एका बाजूनं."

"चौदा वर्षांत?" आईने शेंगांवरून मान वर केली. "माझी चप्पल दर पावसाळ्यात ह्याच्यापेक्षा जास्त झिजती." आणि मग, "ते उचला तिथनं आता, भाजी चिरायची हाय."